मुंबईचा माग आणि चित्रकार: विणकर सेवा केंद्राची कहाणी

१/ आजचा धागा खऱ्याखुऱ्या धाग्याविषयी आहे. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ, मामा परमानंद मार्गावर केंद्र सरकारचे एक कार्यालय आहे: विणकर सेवा केंद्र. नाव वाचून अर्ज, शिक्के आणि फायली यांपलीकडे काही डोळ्यांसमोर येत नाही. परंतु स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेतील कित्येक मोठी नावे अशाच केंद्रांच्या हजेरीपटावर होती. सरकारने चित्रकारांना पगार देऊन विणकरांच्या शेजारी बसवले, हा आपल्या कलेतिहासातील एक अनोखा प्रयोग होय. त्यातून काय घडले आणि काय राहून गेले, ते क्रमाने पाहू.

२/ प्रथम पार्श्वभूमी. मुंबई हे गिरण्यांचे शहर. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' स्थापन केली आणि दोन वर्षांत तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील शतकभर गिरणगावाचा भोंगा हेच या शहराचे घड्याळ होते. गिरणीचे कापड स्वस्त, एकसारखे आणि विपुल. त्याच्याशी स्पर्धा करताना साळी, कोष्टी, मोमीन, पद्मशाली अशा विणकर समाजांची कोंडी होत गेली. म्हणजे हातमाग वाचवण्याचे केंद्र ज्या शहरात निघाले, ते शहरच हातमागाच्या संकटाचे एक मोठे कारण होते.

३/ स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न होता: शेतीखालोखाल इतक्या माणसांना पोसणारा हा व्यवसाय तगवायचा कसा? १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी हस्तकलांसाठीही मंडळ निघाले आणि त्याची धुरा कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी वाहिली. १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर अतिरिक्त अबकारी कर बसवून त्या पैशातून खादी व हातमागाला साहाय्य करण्याची तरतूद झाली. गिरणीने हातमागाला आधार द्यावा, अशी ही योजना होती.

४/ पैशाची सोय झाली, तरी एक पेच शिल्लक होता. हातमागाचे कापड विकत घेणारे जुने आश्रयदाते, संस्थानिक व सरदार, मागे पडले होते. नवा ग्राहक शहरी मध्यमवर्गीय होता, काही प्रमाणात परदेशी होता. त्याला काय हवे, हे दूरच्या गावातील विणकराला कळणे कठीण. येथे पुपुल जयकर (१९१५–१९९७) यांचा प्रवेश होतो. त्यांचे म्हणणे असे की विणकराला दयेची गरज नाही. त्याला उत्तम सूत, पक्का रंग आणि विचारपूर्वक केलेले नक्षीकाम मिळाले, तर तो जगाच्या बाजारात उभा राहू शकतो.

५/ याला एक आंतरराष्ट्रीय संदर्भही आहे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रे व अलंकरणकलांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याची मांडणी अलेक्झांडर जिरार्ड यांची होती आणि जयकर त्या उपक्रमाशी निगडित होत्या. तेथेच त्यांचा परिचय चार्ल्स ईम्स यांच्याशी झाला. पुढे ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' लिहिला आणि त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्या देशातील आधुनिक डिझाइनशिक्षणाची मुळे अशी वस्त्रांच्या एका प्रदर्शनापर्यंत पोहोचतात.

६/ १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. मुंबई, मद्रास आणि वाराणसी ही अगदी आरंभीची. केंद्राची रचना समजून घेण्याजोगी आहे. एका विभागात नक्षीकार कागदावर आराखडे करीत. दुसऱ्यात रंगाची प्रयोगशाळा असे. तेथे कोणता रंग धुण्यात टिकतो, कोणता उन्हात उडतो, याची परीक्षा होई. तिसऱ्यात प्रत्यक्ष माग, आणि त्यांवर निरनिराळ्या प्रांतांतून आलेले निष्णात विणकर. नमुना तयार झाला की तो सहकारी संस्थांना व गावोगावच्या विणकरांना द्यायचा, शिकवायचा, हा केंद्राचा उद्देश.

७/ आता प्रश्न असा की चित्रकार तेथे का गेले? उत्तर सरळ आहे: पोटासाठी. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली खरी, परंतु चित्र विकून घर चालवणे त्या काळी बहुतेकांना अशक्य होते. सर ज. जी. कला महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे जाहिरात संस्था, शाळेतील चित्रकला शिक्षकाची नोकरी किंवा चित्रपटांचे फलक, एवढेच मार्ग असत. अशा वेळी नियमित पगार, रंग-रेषांशी संबंधित काम आणि संध्याकाळनंतर स्वतःच्या चित्रांसाठी मोकळा वेळ देणारी सरकारी नोकरी ही पर्वणीच होती.

८/ या प्रयोगाला वैचारिक बैठक देणाऱ्यांत के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६) अग्रणी. शांतिनिकेतनात घडलेले हे कलावंत १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळाच्या डिझाइन विभागाचे उपसंचालक होते आणि पुढेही अनेक वर्षे सल्लागार राहिले. चित्रकार वरच्या पायरीवर आणि कारागीर खालच्या, ही उतरंड त्यांनी आयुष्यभर नाकारली. त्यांच्या मते खेळणी करणारा, भिंत रंगवणारा, विणणारा आणि कॅनव्हासवर काम करणारा हे सारे एकाच दृश्यभाषेचे वापरकर्ते आहेत. प्रत्येकाची बोली तेवढी निराळी.

९/ मराठी वाचकाला सर्वांत जवळचे नाव म्हणजे प्रभाकर बरवे. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचा. १९५९ मध्ये ज. जी.मधून पदविका घेऊन १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले, तेही प्रथम वाराणसीस. तेथील वास्तव्यात तांत्रिक प्रतिमांशी त्यांचा जवळून परिचय झाला आणि आरंभीच्या चित्रांवर त्याची गडद छाया पडली. १९६५ च्या सुमारास ते मुंबईच्या केंद्रात आले आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ येथे काम करीत राहिले.

१०/ बरवे यांची नंतरची चित्रे पाहिली आहेत का? पान, शंख, घड्याळ, ढग अशा ओळखीच्या वस्तू. परंतु त्या कुठल्याही टेबलावर ठेवलेल्या नसतात. सपाट, शांत पृष्ठावर त्या एकमेकींपासून मोजून-मापून अंतर राखून असतात, आणि वस्तूंइतकेच महत्त्व मधल्या रिकाम्या जागेला असते. वस्त्राचा आराखडा करणाऱ्यास हाच हिशेब रोज करावा लागतो: आकार किती, मोकळे पोत किती. हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे असे मला वाटत नाही. १९९० मध्ये आलेल्या 'कोरा कॅनव्हास' या त्यांच्या पुस्तकात अवकाशाचा हा विचार मराठीत अत्यंत निर्मळपणे मांडलेला आहे.

११/ बरवे एकटे नव्हते. अकोल्याचे अंबादास, कोलकात्याच्या परंपरेतले जोगेन चौधरी, दिल्लीच्या अर्पिता सिंग, मद्रासचे रेड्डप्पा नायडू, असे अनेकजण निरनिराळ्या शहरांतील केंद्रांत काम करून गेले. अर्पिता सिंग यांच्या काही चित्रांतील टाक्यांसारख्या आवर्ती रेघा, कापडी किनारीसारखी भरलेली कड पाहताना त्यांनी वस्त्रांच्या सहवासात घालवलेली वर्षे आठवतात. एका पिढीच्या चित्रदृष्टीत मागाचा वाटा किती, याचे पुरेसे मोजमाप आपल्या कलासमीक्षेने अजून केलेले नाही.

१२/ येथे मागाची थोडी तांत्रिक ओळख हवी. मागावर लांबीच्या दिशेने ताणून बसवलेले धागे म्हणजे ताणा. त्यांतून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. तो धोट्यातून इकडून तिकडे जातो. प्रत्येक फेरीनंतर फणीने ठोकून बाणा जागी बसवतात. म्हणजे विणलेले कापड ही मुळात उभ्या-आडव्या चौकटींची जाळी असते. कागदावर सहज ओढलेली वक्र रेषा मागावर आली की तिची पायऱ्यांची शिडी होते. ती किती बारीक करायची, हे सुताच्या जाडीवर आणि विणकराच्या चिकाटीवर अवलंबून.

१३/ म्हणूनच चित्रकाराचा आराखडा जसाच्या तसा कापडावर उतरत नाही. त्याचे भाषांतर करावे लागते. प्रथम चौकटींच्या कागदावर प्रत्येक चौकोन भरायचा, मग ताण्याचा कोणता धागा कधी उचलायचा हे ठरवायचे. लाल ताण्यावर निळा बाणा गेला की डोळ्यांना तिसराच रंग दिसतो. हा तिसरा रंग चित्रकाराच्या पेटीत नसतो, विणकराच्या अनुभवात असतो. केंद्रातील संवाद खऱ्या अर्थाने येथे घडत असे. चित्रकार सांगे काय हवे; विणकर सांगे काय शक्य आहे, आणि पुष्कळदा त्याहून अधिक काय शक्य आहे.

१४/ आणि इथेच या कहाणीतला काटा आहे. आराखडा करणाऱ्याचे नाव कलेच्या इतिहासात गेले. मागावर बसणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा गेले नाही. दोघांचाही पगार एकाच तिजोरीतून होत होता, दोघांचे हात एकाच कापडाला लागले होते. एकाची पुढे पुनरावलोकनी प्रदर्शने भरली, दुसऱ्याचे काम 'हातमाग नमुना' म्हणून कपाटात राहिले. १९६५ पासून कुशल कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास आरंभ झाला, ही त्या दिशेने पडलेली महत्त्वाची पावले. तरीही 'कलावंत' आणि 'कारागीर' हे दोन रकाने वेगळेच राहिले.

१५/ हा भेद केवळ आपल्याकडचा नाही. जर्मनीतील बाउहाउस ही कलाशाळा १९१९ मध्ये समतेची घोषणा करीत सुरू झाली. तरी तेथे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना विणकाम विभागाकडे वळवले जाई. त्याच विभागातून गुंटा श्टोल्झल आणि अॅनी आल्बर्स यांच्यासारख्या विसाव्या शतकातील श्रेष्ठ विणकर कलावंत निघाल्या. आल्बर्स यांनी १९६५ मध्ये विणकामावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्राचीन पेरूच्या विणकरांना गुरू मानून अर्पण केला. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत त्यांचे ऋण मान्य करण्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१६/ साठच्या दशकात जगभर धागा भिंतीवरून पुढे सरकू लागला. १९६२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे टॅपेस्ट्रीचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांची प्रचंड, लोंबती, अंगावर येणारी विणलेली शिल्पे तेथून जगापुढे आली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 'वॉल हँगिंग्ज' हे प्रदर्शन भरवले. त्याचे परीक्षण करताना शिल्पकार लुईज बुर्ज्वा यांनी अशा कृती सजावटीच्या पातळीवरून क्वचितच सुटतात, असा आक्षेप घेतला. स्वतः टॅपेस्ट्री दुरुस्तीचा व्यवसाय असलेल्या घरात त्या वाढल्या होत्या, हे विशेष.

१७/ या वादात मुंबईची बाजू प्रत्यक्ष कामातून मांडणाऱ्या दोन स्त्रिया. पहिल्या नेली सेठना (१९३२–१९९२). ज. जी., लंडन आणि नंतर अमेरिकेतील क्रॅनब्रुक अकादमी असा त्यांचा शिक्षणप्रवास. क्रॅनब्रुकला विणकाम विभागाची दीर्घकाळ धुरा फिनलंडमध्ये जन्मलेल्या मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडे होती. स्कॅन्डिनेव्हियन आधुनिकतेतील साधेपणा आणि भारतीय सुताचा राकटपणा यांचा मेळ सेठना यांनी घातला. गिरणीसाठी कापडाचे नक्षीकाम आणि स्वतःच्या मागावरील भिंतवस्त्रे, ही दोन्ही कामे त्यांनी सारख्याच गांभीर्याने केली.

१८/ सेठना स्वतःच्या मागापुरत्या थांबल्या नाहीत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रेरणेने आंध्रातील मछलीपट्टणमच्या कलमकारीच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांनी काम केले आणि त्या कलेवर ग्रंथही लिहिला. वनस्पतिजन्य रंग, तुरटी, हिरडा, पुन्हा पुन्हा धुणे आणि उन्हात वाळवणे, ही सारी प्रक्रिया नोंदवून ठेवणे म्हणजे विसरत चाललेल्या ज्ञानाची वही लिहिणे होय. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही पुढील काही दशके आधुनिक भारतीय कलेच्या चर्चेत त्यांचे नाव फारसे येत नसे.

१९/ दुसऱ्या मोनिका कोरिया. जन्म १९३८, मुंबई. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे. साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत स्ट्रेंगेल यांच्याकडे त्यांनी विणकामाचे प्राथमिक धडे घेतले आणि परतल्यावर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात हात पक्का केला. म्हणजे केंद्र केवळ चित्रकारांचे आश्रयस्थान नव्हते. विणणे हीच ज्यांची कला, त्यांचीही ती शाळा होती. स्वतंत्र कलावंत आणि सरकारी माग यांचा असा संबंध जगात अन्यत्र क्वचितच दिसतो.

२०/ कोरिया यांचा शोध एका वाक्यात सांगता येतो: त्यांनी विणता विणता फणी काढून टाकली. वर पाहिलेच की ताण्याचे धागे सरळ व समांतर ठेवण्याचे काम फणी करते. ती दूर केली की उभे धागे शिस्त सोडतात, वळतात, एकमेकांकडे झुकतात, पाण्यासारखे वाहू लागतात. मग फणीच्या ठोक्याऐवजी बाणा हाताने बसवावा लागतो. ज्या चौकटीमुळे वक्र रेषा अशक्य वाटत होती, ती चौकट सैल करून त्यांनी मागाकडूनच वक्र रेषा काढून घेतली. येथे आराखडा आणि विणकाम वेगळे राहिले नाही. एकाच व्यक्तीच्या हातात दोन्ही आले.

२१/ तिसरे नाव मागाविनाच काम करणारे. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचा जन्म मुंबईचा. बडोद्यात त्या सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थिनी. सणाचे दोर रंगवून, त्यांना गाठीमागून गाठ मारीत त्यांनी माणसाहून उंच शिल्पे उभारली. 'यक्षी' (१९८४), 'पुष्प' (१९९३), 'वनश्री' (१९९४) ही त्यांतील काही. आधी रेखाटन करून मग गाठी मारणे, अशी त्यांची रीत नव्हती. गाठ पुढे जाईल तसा आकार उमलत जाई. फेब्रुवारी २०१५ मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे पुनरावलोकनी प्रदर्शन उघडल्यानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर येथे त्यांची शिल्पे मांडली गेली.

२२/ आता मुंबईच्याच किनाऱ्यावर जाऊ. वांद्र्याच्या उत्तरेस, जुहूच्या अलीकडे खारदांडा हे कोळ्यांचे जुने गाव आहे. येथेही पिढ्यान्‌पिढ्या धाग्याला गाठी मारल्या गेल्या, फक्त त्यांना कोणी शिल्प म्हटले नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर बोंबील पकडण्यासाठी वापरतात ते डोल जाळे पाहावे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवलेली ती एक विशाल पिशवी असते: तोंडाशी मोठाली भोके, शेवटाकडे बारीक होत जाणारी. कोणते भोक केवढे असावे, याचा हिशेब माशाच्या आकाराशी आणि पाण्याच्या वेगाशी बांधलेला असतो.

२३/ नायलॉन येण्यापूर्वी ही जाळी सुती व सणाच्या दोऱ्याची असत. घरात सूत वळणे, जाळे विणणे, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ते टिकाऊ करणे, किनाऱ्यावर वाळवणे, हे सारे गावाचे सामूहिक श्रम. पन्नास-साठच्या दशकांत नायलॉनचा धागा आला, पाठोपाठ यंत्रावर विणलेली जाळी आली. हातविणीची गरज ओसरली. फाटलेले जाळे दुरुस्त करण्यापुरती गाठ मात्र आजही हातानेच पडते. विणकर सेवा केंद्र मागाचे ज्ञान नोंदवीत होते त्याच दशकांत, त्याच शहरात, हे दुसरे धागाज्ञान फारशा नोंदीविना बदलून गेले.

२४/ मृणालिनी मुखर्जी यांचे शिल्प आणि कोळ्याचे जाळे एकच, असे म्हणण्याचा हा आग्रह नाही. जाळ्याचे यश मासळीत मोजले जाते, शिल्पाचे यश पाहणाऱ्याच्या मनात. हेतू वेगळे आहेत आणि तो भेद पुसणे दोघांवरही अन्याय करील. प्रश्न आहे तो ज्ञानाचा. दोन्हीकडे हात धाग्याचा ताण ओळखतो, आकार मनात धरून गाठ मारतो. त्यांतील एका ज्ञानाला आपण संग्रहालय देतो आणि दुसऱ्याला 'पारंपरिक व्यवसाय' एवढाच शब्द, याचे समर्थन मात्र सोपे नाही.

२५/ सोलापूरचे उदाहरण याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. तेथील तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांनी हातमागावर चित्रे विणण्याची परंपरा उभी केली. देवदेवता, राष्ट्रपुरुष, निसर्गदृश्ये असलेली ही भिंतवस्त्रे महाराष्ट्रातील कित्येक दिवाणखान्यांत आणि कार्यालयांत टांगलेली असतात. धाग्याच्या शेकडो बदलांतून चेहऱ्यावरची छटा साधणे हे असामान्य कौशल्य. परंतु अशा वस्त्रासमोर उभे राहून आपण ओळखतो ते चित्रातल्या महापुरुषाला; ते कोणी विणले, हे विचारत नाही.

२६/ ऐंशीच्या दशकात या साऱ्याला मोठे व्यासपीठ मिळाले. जयकर यांच्या पुढाकाराने भारत महोत्सव सुरू झाले आणि मार्तंड सिंग (१९४७–२०१७) यांनी 'विश्वकर्मा' ही वस्त्रप्रदर्शनांची मालिका उभी केली. १९८१ ते १९९१ या दशकात सात प्रदर्शने झाली. विणकर सेवा केंद्रांतील नक्षीकार, रंगारी आणि विणकर यांनी जुन्या संग्रहांतील नमुने अभ्यासून नवी वस्त्रे केली. यांतील 'मास्टर वीव्हर्स' हे प्रदर्शन १९८२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये भरले. विणकर हा शब्द अखेर शीर्षकात आला.

२७/ आता त्याच वर्षाकडे मुंबईतून पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लंडनमध्ये भारतीय विणकराच्या हाताचा गौरव होत असताना गिरणगावातील साचे बंद होते आणि हजारो कुटुंबे गावाकडे परतत होती. संप विधिवत संपलाच नाही; गिरण्या एकामागून एक मिटल्या. कापडाच्या इतिहासात ही दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय १९८२ हे साल समजत नाही. प्रदर्शनाने कलेचा मान वाढला, हे खरे; मान आणि मजुरी यांचा मार्ग मात्र एक नव्हता, हेही तितकेच खरे.

२८/ गिरण्या मिटल्याचा लाभ हातमागाला झाला का? नाही. ती जागा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनी घेतली. १९८५ च्या कायद्याने २२ प्रकारची वस्त्रे केवळ हातमागासाठी राखून ठेवली होती. पुढे ती यादी ११ वर आली. यंत्रमागावर विणलेले कापड हातमागाचे म्हणून विकले जाणे ही नित्याची तक्रार. अशा बाजारात चित्रकाराने केलेला सुंदर नमुना उपयोगी पडतो खरा, पण त्याची नक्कल यंत्रमागावर काही दिवसांत होऊ शकते. केंद्राच्या संस्थापकांना या अडचणीचे पूर्ण उत्तर सापडले नाही, आणि ते नक्षीकामातून सापडणारेही नव्हते.

२९/ जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ रद्द केले. पाठोपाठ ऑगस्टच्या आरंभी हस्तकला मंडळही. १९५२ मध्ये सुरू झालेली, मध्यंतरी पुनर्रचना झालेली ही व्यवस्था राष्ट्रीय हातमाग दिनाच्या, म्हणजे ७ ऑगस्टच्या, तोंडावर संपली. विणकर सेवा केंद्रे चालू आहेत. परंतु विणकरांचे प्रतिनिधी आणि सरकार यांना एका टेबलावर आणणारी एक औपचारिक जागा गेली. २०१९–२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख माणसे या व्यवसायात आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

३०/ दुसऱ्या बाजूला कलाजगताने या इतिहासाकडे पुन्हा वळून पाहिले आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरवे यांचे पुनरावलोकनी प्रदर्शन झाले. २०२१ मध्ये मुंबईतच नॅन्सी अदजानिया यांनी नेली सेठना यांच्या कामाचे प्रदर्शन सिद्ध केले. २०२२–२३ मध्ये दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात 'विश्वकर्मा' मालिकेतील वस्त्रे पुन्हा मांडली गेली. तीन दशके घडी घालून ठेवलेली वस्त्रे नव्या पिढीने उलगडून पाहिली.

३१/ या सगळ्याचा अर्थ काय? एक गोष्ट निश्चित: चित्रकार आणि विणकर यांना एका छताखाली आणल्याने दोघांचेही काम बदलले. बरवे यांचा अवकाश, कोरिया यांचा मोकळा ताणा, सुब्रमण्यन यांचे समतेचे कलाचिंतन, यांतील काहीच त्या सहवासाविना तसेच्या तसे घडले नसते. या अर्थी विणकर सेवा केंद्र ही स्वतंत्र भारताची एक न मिरवणारी कलाशाळा होती, आणि तिचे अध्यापक मागावर बसलेले होते.

३२/ दुसरी गोष्ट अपुरी राहिलेली आहे, आणि ती आपल्या हातची आहे. प्रदर्शनातल्या वस्त्राखालची पाटी वाचताना आराखडा कोणाचा, रंग कोणी दिला आणि विणले कोणी, ही तिन्ही नावे आहेत का, ते पाहावे. पैठणी घेताना, सोलापुरी भिंतवस्त्र भेट देताना विणकराचे नाव विचारावे. दुकानदाराला ते ठाऊक नसेल. पुष्कळांनी विचारले तर तो ते ठाऊक करून घेईल. घरात कोणी मागावर, रंगखात्यात किंवा जाळी विणण्यात आयुष्य काढले असेल, तर त्यांच्याकडून त्या कामाचे शब्द लिहून घ्यावेत. धाग्याचा इतिहास लिहायला तेवढी नोंदही मोलाची ठरेल. इति.